उठता किती वेळा, ते आधी मोजा

संपादकांनी या वेळी पाकीट पाठवलं, त्यात चार पत्रं हेडसेटबद्दलची निघाली. त्यांच्या मते हा विषय माझ्या हक्काचा. १९७६ साली मी मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून द्यायच्या ठिकाणी, ऑपरेटर म्हणून लागले, पुढे फोन नंबरांच्या चौकशीच्या १९७ वर गेले आणि निवृत्तीनंतर नवी मुंबईतल्या एका कॉल सेंटरमध्ये पोरापोरींना आठ वर्षं फोनवर बोलायला शिकवलं. थोडक्यात, कानाला काहीतरी लावून पोट भरण्यात माझी पस्तीसेक वर्षं गेली. तेव्हा बोलायचा अधिकार आहे असं समजून लिहिते.

प्रश्न : मावशी, सप्रेम नमस्कार. मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या फोनवर बसते. आम्ही सहा जणी आहोत. सकाळी साडेसातला फोन सुरू होतात ते दुपारी दोनपर्यंत श्वास घेऊ देत नाहीत. ‘उपाशीपोटी यायचं का’, ‘नुसता चहा चालेल का’, ‘रिपोर्ट झाला का’, ‘घरी येऊन रक्त नेता का’. बोलता बोलता कॉम्प्युटरवर टाइप करायचं असतं, म्हणून रिसीव्हर मान आणि खांदा यांच्या बेचक्यात धरतो. तिघींच्या माना धरल्यात. डॉक्टरसाहेब आता हेडसेट घेऊन द्यायला तयार झालेत. त्यांचे जावई म्हणतात, वायरलेसच घ्या, वायरचा जमाना गेला. दुकानदार म्हणतो, वायरचा घ्या, कटकट नाही. आमच्यातही दोन तट पडलेत. कुठला घ्यावा?
— सहा जणींपैकी एक, सांगली

उत्तर : जमान्याचं जावईबापूंना बघू दे. तुम्ही एवढंच बघा की तुमच्यापैकी कोण, कितीदा खुर्चीवरून उठते. वायरलेसने आवाज चांगला येतो असं काही नाही. त्याने पाय मोकळे होतात. जिला उठायचंच नाही तिने त्यासाठी पैसे का मोजायचे?

उद्यापासून चार दिवस प्रत्येकीने टेबलावर एक कोरा कागद ठेवा. फोनवर माणूस असताना उठावं लागलं की एक रेघ मारायची आणि कशाला उठलात ते शेजारी एका शब्दात लिहायचं. पाणी, डबा, शेजारणीशी गप्पा यांसाठी उठलात ते धरू नका. तेव्हा हेडसेट काढून ठेवायचाच असतो. ट्रंक बोर्डावर आम्ही प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायचो. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पीपी (म्हणजे ठरावीक माणसालाच जोडून द्यायचा), कधी बुक केला, कधी लागला, सगळं त्यावर. महिनाअखेरीला त्या तिकिटांच्या गठ्ठ्यावरून सुपरवायझर बाई बरोबर सांगायच्या की कुणाचं घोडं कुठे अडतं, आणि ते आम्हाला वाटत असे त्याहून वेगळंच निघे. कॉल सेंटरमध्ये मी हाच रेघांचा खेळ करवला होता. ‘आम्ही तर दिवसभर पळतच असतो’ म्हणणाऱ्या एका मुलाच्या कागदावर दिवसाला दोन रेघा निघाल्या. त्यातली एक पंखा लावायला उठल्याची होती.

माझा अंदाज सांगते. तुमच्यातल्या चौघींचे कागद जवळजवळ कोरे राहतील. उरलेल्या दोघी ‘रिपोर्ट झाला का’ ते बघायला मागच्या खोलीत जात असतील. त्यांच्यासाठीही लगेच वायरलेस मागू नकोस. रिपोर्ट झाला की नाही एवढं तुमच्या कॉम्प्युटरवर दिसण्याची सोय होते का, ते आधी डॉक्टरांना विचार. होत असेल, तर उठायचं कारणच गेलं.

ज्यांचे कागद कोरे, त्यांनी डोळे झाकून वायरचा घ्यावा. त्याला बॅटरी नाही, म्हणून तो हलका असतो आणि दुपारी बाराला, नेमकी गर्दी असताना, कानात ‘टुंग टुंग’ करून मरत नाही. वायरलेसमधली लिथियमची बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ओसरायला लागते. रोज वापरणाऱ्याला म्हणजे दोनेक वर्षं. बऱ्याच संचांत ती बदलता येते, पण त्या मॉडेलची बॅटरी तेव्हा सांगलीत मिळायला हवी ना! वायरच्या संचातली खराब होणारी वस्तू म्हणजे वायर. तीही बहुतेक वेळा आपली आपण तुटत नाही, खुर्चीच्या चाकाखाली चिरडते. मी पाहिलेल्या मेलेल्या हेडसेटांपैकी निम्म्यांचा तरी जीव चाकाने घेतला असेल. वायर टेबलाच्या कडेला एका चिमट्यात अडकवून खाली आणा, पाच रुपयांत आयुष्य वाढतं.

घेताना मधे जोड असलेला संच मागा. त्याला क्विक डिस्कनेक्ट म्हणतात, दुकानदाराला ‘क्यूडी’ म्हटलं की कळतं. फोनपासून आलेली वायर आणि डोक्यावरच्या संचाची वायर त्या जोडापाशी सुटी होते. चाकाखाली खालचा तुकडा गेला तर तेवढाच बदलायचा. शिवाय फोन चालू असताना जोड सोडवून, संच डोक्यावर तसाच ठेवून मागच्या खोलीत जाऊन येता येतं. कॉल तुटत नाही, समोरच्याला फक्त शांतता ऐकू येते. जायच्या आधी ‘एक मिनिट हं, बघून सांगते’ म्हणायला मात्र विसरायचं नाही. दिवसाला पाच-सात रेघावाल्यांचं काम एवढ्यावर भागतं, आणि हे दुकानदार सांगत नाही. एकच लक्षात ठेव : हे जोड एका घरचे दुसऱ्या घरी चालत नाहीत. प्लँट्रॉनिक्स पद्धतीचा जोड जाब्रा पद्धतीच्या जोडात बसत नाही. प्लँट्रॉनिक्सचंच नाव पुढे पॉली झालं आणि २०२२ साली ती एचपीकडे गेली, म्हणून खोक्यावर तिन्हीपैकी कुठलंही नाव दिसेल. सहाही संच एका पद्धतीचे घ्या, म्हणजे एकीची वायर गेली तर दुसरीची लावता येईल.

आता खरी मेख. तुझ्या पत्रात फोन कुठला आहे ते नाही, आणि हेडसेट परत करायची वेळ बहुतेकांवर याच कारणाने येते. टेबलावरच्या फोनला रिसीव्हरची गुंडाळीची वायर जिथे खुपसतात ते छोटं चौकोनी भोक सगळ्या फोनना सारखंच दिसतं. त्याला आरजे नऊ म्हणतात आणि आत चार तारा असतात. पण त्या चारांतल्या कुठल्या दोन बोलण्याच्या आणि कुठल्या दोन ऐकण्याच्या, हे कंपनीगणिक वेगळं असतं. चुकीची वायर लावली की तुला सगळं ऐकू येतं आणि समोरचा नुसता ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. म्हणून फोन उलटा कर, खालच्या चिकटपट्टीवरचं मॉडेल मोबाइलने टिपून घे आणि त्या मॉडेलची वायर दे म्हणून सांग. फोनच्या मागे किंवा बगलेला हेडसेटचं चित्र काढलेलं वेगळं भोक असेल तर तेच वापर. ते नसलं तर रिसीव्हरच्या भोकात लावावं लागतं, आणि मग प्रत्येक कॉलला रिसीव्हर उचलून बाजूला ठेवणं आलं. जिथे फोन नाहीच, कॉम्प्युटरमधूनच कॉल जातात, तिथे सरळ यूएसबीचा संच घ्यावा. त्यात हे तारांचं त्रांगडं नाही.

कागदावर रोज वीस-पंचवीस रेघा येणाऱ्या एखाद-दुसरीला वायरलेस घ्यायचाच झाला, तर त्यातही दोन जाती आहेत. एक ब्लूटूथ, मोबाइलला लावतो तो. दुसरा डेक्ट, घरातल्या कॉर्डलेस फोनच्या जातीचा. त्याचा तळ टेबलावर बसवायचा असतो. ब्लूटूथचा साधा संच साधारण दहा मीटरपर्यंतचा हिशेब धरून केलेला असतो, मधे भिंत आली की तेवढंही मिळत नाही. डेक्ट इमारतीच्या आत त्याच्या कितीतरी पुढे जातो. शिवाय ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तुमचं वायफाय तिथेच, डबे गरम करायचा मायक्रोवेव्हही तिथेच. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत त्या गर्दीतून वाट काढतं खरं, पण गर्दी ती गर्दीच. ऑफिसातल्या फोनला डेक्ट बरा. लॅबमध्ये एक्स-रेचीही सोय असेल तर त्या खोलीच्या भिंतीला आणि दाराला शिसं असतं. त्याच्या आडोशाला गेलात की कुठलाही वायरलेस बोबडा बोलणार, तेव्हा विकत घेण्याआधी एक दिवस वापरून बघू द्या म्हणावं.

आणि डेक्ट घेतलात म्हणजे मागच्या खोलीतून फोन घेता येईल असं नाही! बहुतेक टेबलफोनना त्यासाठी एक वेगळी वायर लागते, तिला ईएचएस म्हणतात. ती नसेल तर रिसीव्हर उचलणारा एक यांत्रिक हात मिळतो, तो फोनवर बसवायचा. टेबलावर कुणी नसताना रिसीव्हर आपोआप वर उठतो, ते बघून आमच्याकडची झाडूवाली बाई पहिल्या दिवशी किंचाळली होती. यातलं काहीच नाही घेतलं, तर फोन घ्यायला टेबलाशी धावत यावं लागतं. तो खर्च आधी विचारा. एका चांगल्या डेक्टच्या पैशात वायरचे चार-पाच संच सहज येतात.

किती घ्यायचे यालाही मर्यादा असते. मी शिकवायचे तिथे एका नव्या साहेबांनी सगळ्या मजल्याला एकदम डेक्ट आणले. युरोपच्या पद्धतीच्या डेक्टला दहा वाहक लहरी आणि प्रत्येकीवर बोलण्या-ऐकण्याच्या बारा जोड्या, म्हणजे सगळे मिळून १२० रस्ते. आवाज जास्त स्वच्छ हवा असेल तर एक संच दोन रस्ते अडवतो. आमच्या वरच्या मजल्यावरही तसंच दुसरं ऑफिस होतं. दुपारी अकरा ते एक सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचा ना कुणाचा कॉल खरखरत तुटायचा. दोन महिन्यांनी बसून बोलणाऱ्यांना परत वायर मिळाली आणि डेक्ट फक्त टीम लीडरकडे राहिले. तुमच्या सहा जणींना याची धास्ती नाही, जावईबापूंना सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

राहिलं डोक्यावर घालायचं. तुमच्यासमोर पेशंट उभे असतात, तर एका कानाचा घ्या. दुसरा कान काउंटरला मोकळा राहू दे. तोंडापुढची दांडी मात्र हवीच आणि तिच्या टोकाचा माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर, किंचित खाली असावा. तोंडासमोर आणलात तर प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ समोरच्याच्या कानात फुटतो. आमच्या वेळी छातीवर टेकलेला बोलायचा भोंगा असायचा, आत कोळशाची भुकटी. ती बसली की आवाज पडायचा, मग बोटाने टिचक्या मारून ती हलवायची. टिचक्यांचं दुखणं गेलं, पण माइक कपाळाला लावून ‘माझा आवाज का जात नाही’ विचारणाऱ्या मुली मी कालपरवापर्यंत पाहिल्यात.

कानाच्या गाद्या प्रत्येकीच्या वेगळ्या. संच शिफ्टमध्ये वाटून घेतलात तरी गादी वाटून घ्यायची नाही. रेक्झिनची गादी डोक्याच्या तेलाने आणि घामाने वर्षाभरात पापुद्रे सोडते, फोमची धुता येते. कुड्या किंवा वेल घालणाऱ्यांनी गादी थोडी मोठी, कानाभोवती बसणारी घ्यावी, नाहीतर दोन तासांत कुडीचा फिरकीचा भाग मागे टोचायला लागतो. अंबाडा घालणारीला मानेमागून जाणारा पट्टा कधीच बसत नाही, तिने डोक्यावरचाच घ्यावा.

प्रश्न : मी डोंबिवलीत घरून काम करतो, ग्राहकांचे कॉल घेतो. माझ्याकडे चांगले पाच हजारांचे ब्लूटूथ इअरबड्स आहेत, नॉइज कॅन्सलेशनवाले. गाणी अप्रतिम वाजतात. पण ऑफिसच्या कॉलवर लोक म्हणतात, तुम्ही विहिरीतून बोलताय का? आणि मलाही कॉल सुरू झाला की आवाज एकदम चपटा ऐकू येतो. बड्स खराब निघाले का? वायरचा घ्यायला मन होत नाही.
— दोन खोल्या, तीन माणसं, डोंबिवली

उत्तर : बड्स ठणठणीत आहेत रे बाबा. तू त्यांना भलत्या कामाला लावलंयस.

गाणं ऐकताना ब्लूटूथचा सगळा रस्ता एकेरी असतो, कॉम्प्युटरकडून तुझ्या कानाकडे. तू माइक उघडलास की तोच रस्ता दुहेरी करावा लागतो आणि त्यासाठी संच हँड्सफ्रीच्या जुन्या पद्धतीवर उतरतो. तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला आठ हजार किंवा फार तर सोळा हजार घेतले जातात. गाण्याच्या सीडीवर ते ४४,१०० असतात. म्हणून कॉल लागताक्षणी आवाज चपटा होतो. आता नवं ब्लूटूथ निघालंय त्यात हे बरंच सुधारलंय, पण बड्स आणि कॉम्प्युटर दोन्ही नवे हवेत.

विहिरीचं कारण वेगळं. बड्सचा माइक तुझ्या कानापाशी आहे. तोंडापासून चार-पाच इंच लांब. तिथून तुझा आवाज पकडायचा म्हणजे त्याला पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि भिंतीवरून परतलेला तुझाच आवाज हेही पकडावं लागतं. मग आतलं यंत्र ते सगळं पुसायला जातं आणि त्या पुसापुशीत तुझी अर्धी अक्षरं जातात. आणि तुझं ते नॉइज कॅन्सलेशन कुणासाठी आहे, ठाऊक आहे? तुझ्यासाठी. तुझ्या कानात बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून. ग्राहकाला कुकर ऐकू येऊ नये यासाठी माइकचं नॉइज कॅन्सलेशन लागतं, ती वेगळी गोष्ट आहे. खोक्यावर दोन्हीला एकच शब्द छापतात, तिथे भलेभले फसतात.

दुसरं, त्या बड्सने तुझे कान बंद होतात आणि तुला स्वतःचा आवाज नीट येत नाही, म्हणून तू ओरडत असणार. घरच्यांना विचार. पूर्वीच्या काळ्या फोनमध्ये आपला आवाज थोडासा आपल्याच कानात सोडलेला असायचा, त्याला साइडटोन म्हणतात. तो असला की माणूस आपोआप हळू बोलतो. ऑफिसच्या चांगल्या हेडसेटमध्ये साइडटोन असतो आणि कमीजास्तही करता येतो. दोन खोल्यांत तीन माणसं असताना, तू हळू बोललास तर त्या उरलेल्या दोघांचे किती उपकार होतील!

यूएसबी वायरचा, दांडीचा, दोन्ही कानांचा संच घे. दीड-दोन हजारांपासून कामाचे मिळतात. खोक्यावर म्यूट बटण वायरवरच आहे का बघ, शिट्टीची चाहूल लागली की अंगठा तिथे गेला पाहिजे. एका गोल पिनचा घ्यायचा विचार असेल तर आधी कॉम्प्युटरची भोकं मोज. लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं, त्यात ऐकणं-बोलणं दोन्ही. जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन. एकाची पिन दुसऱ्यात सरळ चालत नाही, मधे जोडणी लागते. यूएसबीत तो प्रश्नच येत नाही. बड्स संध्याकाळी गाण्यांना ठेव.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेहून येतोय. तिथे ऑफिसचा वायरलेस हेडसेट इथल्यापेक्षा स्वस्त मिळतोय म्हणतो. आमच्या सी.ए. ऑफिससाठी दोन आणायला सांगू का? बॉक्सवर ‘डेक्ट ६.०’ लिहिलंय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. ‘६.०’ म्हणजे सुधारलेली आवृत्ती असं वाटतं, पण ते अमेरिकेतल्या पट्ट्याला दिलेलं नाव आहे. तिथला डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, युरोपातला १८८० ते १९००वर. आपल्याकडे १९२०च्या पुढचा पट्टा मोबाइलवरून टॉवरकडे जाणाऱ्या बोलण्यासाठी दिलेला आहे. तुमच्या सी.ए. ऑफिसातला संच टॉवरच्या कानाशी जाऊन कुजबुजत बसणार, आणि शेजारपाजारच्यांच्या मोबाइलला त्याचा त्रास. बिघडला तर दुरुस्तीही इथे नाही. भाच्याला यूएसबी वायरचा आणू दे, त्याला कुठल्याही देशाचं बंधन नाही. नाहीतर नेहमीप्रमाणे बदाम आणि चॉकलेटं आणू दे.

प्रश्न : मी नाशिकला एका वित्तसंस्थेच्या वसुली विभागात नऊ वर्षं आहे. वय ४६. दिवसभर डाव्या कानाला वायरचा हेडसेट असतो. गेले दोन महिने घरी आल्यावर त्या कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, सकाळी कमी होतो. सहकारी म्हणतात वायरलेस घ्या, फरक पडेल. ऑफिस देणार नाही, स्वतःच्या पैशाने घेऊ का?
— अहो-जाहो नको, ताई म्हणा, नाशिक

उत्तर : ताई, पैसे ठेवा पर्समध्ये. वायर असली काय नि नसली काय, कानाच्या पडद्याला ते कळत नाही. त्याला फक्त आवाज किती मोठा आणि किती वेळ, एवढंच कळतं. मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की ते तास निम्मे होतात. तीन डेसिबल म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाची जेमतेम एखाद-दुसरी टिचकी. तुमचा आठवडा बहुधा त्या ४० तासांच्याही पुढे जात असेल.

तुम्ही एकाच कानाने ऐकता, आणि वसुली विभागाचा गोंगाट मी जाणते. उघड्या कानात शेजारच्याचं ‘साहेब, हप्ता कधी भरताय’ येत राहतं, म्हणून तुम्ही बंद कानातला आवाज वाढवता. दोन्ही कानांचा, वायरचाच संच मागा. दोन्ही कानांनी ऐकलं की तेवढंच बोलणं कमी आवाजात नीट कळतं. तो मिळेपर्यंत कान बदलत राहा. माइकची दांडी फिरणारी असेल तर संच उलटा घालता येतो. आमच्या सुपरवायझर बाई दर दीड तासाने बोर्डामागून जाताना खांद्यावर टिचकी मारायच्या. टिचकी म्हणजे कान बदला. नव्या मुलींना ती शिक्षा वाटायची.

आणि व्हॉल्यूम सकाळी, कान ताजे असताना ठरवा आणि मग दिवसभर त्याला हात लावू नका. दुपारी कान थकतो, आवाज कमी वाटतो, आपण वाढवतो, संध्याकाळी आणखी वाढवतो. समोरचा अगदीच ऐकू येत नसेल तर त्यालाच मोठ्याने बोलायला सांगा. कर्ज त्याने घेतलंय, थोडं ओरडू दे.

एक विचारून ठेवते. मधे कधी कानात एकदम कर्कश शिट्टी किंवा फॅक्सचा आवाज आला होता का? ऑफिसच्या संचात अशा आवाजाला अडवणारी सोय असते. मोबाइलचे स्वस्त इअरफोन जोडणी लावून टेबलफोनला लावले असतील तर ती नसते. तसं झालं असेल तर तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगता येईल.

कारण डॉक्टरांकडे तुम्हाला जायचंच आहे. दोन महिने म्हणजे बरेच झाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्रवणाची तपासणी करून घ्या, ऑडिओग्राम म्हणतात, आणि त्याचा कागद जपून ठेवा. ऑफिसकडून दोन्ही कानांचा संच मागतानाही तो उपयोगी पडेल. हे सदर छापून येईपर्यंत तुम्ही थांबाल अशी धास्ती वाटली, म्हणून हे उत्तर तुम्हाला पंधरा दिवसांपूर्वीच पोस्टाने पाठवलंय. मिळालं का, तेवढं कळवा.